परक्या नावाने खेळलेला सामना

आयुष्यात लोकांसमोर मी एकच सामना खेळले, आणि तोही दुसऱ्या बाईच्या नावाने. ती बाई डेन्मार्कची. तिला मी कधी पाहिलं नाही. तिचं नाव मी मोठ्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं होतं, पण त्याचा खरा उच्चार काय ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. इथे ते नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही.

माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. नवरा खामगावला पोस्टात होता. दीड वर्षात तो विषमज्वराने गेला. दिवसपाणी उरकल्यावर सासरच्यांनी मला अकोल्याला आणून सोडलं. ट्रंक मागाहून आली. आई मी अकरा वर्षांची असतानाच गेली होती, त्यामुळे घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा भिक्षुकी करत. वीस-बावीस घरं त्यांची होती, सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत सगळं त्यांच्याकडे. मी स्वयंपाक करी, ते पूजा सांगून येत, जेवत, दुपारी पोथी घेऊन बसत. अशी पाच वर्षं गेली. श्रावणात शेजारी मंगळागौर असली की मी संध्याकाळीच दाराला आतून कडी लावून घेई. आपण हिला बोलावलं नाही असं शेजारणींच्या मनाला लागू नये म्हणून.

बाबांच्या यजमानांत एक वकील होते. शहरातले वजनदार गृहस्थ, मुलींच्या एका शाळेच्या कमिटीवरही होते. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं आणि शाळाशाळांतून कवायतीचा, व्यायामाचा जोर सुरू झाला होता. मुलींना शिकवायला बाई मिळत नव्हती. एका श्राद्धाच्या दिवशी दक्षिणा देताना वकीलसाहेब बाबांना म्हणाले, "गुरुजी, तुमची मुलगी मॅट्रिक आहे ना? अमरावतीला वर्षभराचा शारीरिक शिक्षणाचा कोर्स असतो, तो करू द्या तिला. परत आली की आमच्या शाळेत घेऊ."

बाबांनी मला हे दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू जा. माझं मी करून घेईन."

"तुम्हाला साधा भात तरी येतो का?"

"होमाचा चरू इतकी वर्षं करतो आहे. त्यात मीठ घातलं की भात."

यावर मी हसले. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं असेल, याचा हिशेब नको. जूनमध्ये मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेले. बाबा अकोला स्टेशनवर आले होते. गाडी सुटायच्या आधीच ते वळून चालू लागले. त्यांना एका वास्तुशांतीची वेळ गाठायची होती.

राजापेठेत एका दुमजली घरात आम्हा मुलींची राहायची सोय होती. मुलींची म्हणजे त्यांची. सगळ्या अठरा-एकोणीसच्या, मी पंचविशीला टेकलेली. मी फिक्या रंगाची पातळं नेसे, हातात काही नाही, कपाळ मोकळं. मला कुणी वाईट वागवलं असं म्हटलं तर खोटं होईल. पण संध्याकाळी मुली गच्चीवर वेण्या घालत बसत, कुणाचं कुठे ठरतंय ते बोलत, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर दिसले की बोलणं एकदम अभ्यासावर येई. चार-सहा वेळा असं झालं. मग मी वर जाणं सोडलं. खोलीच्या खिडकीशी बसून बाबांना कार्ड लिही. लिहायला फार काही नसे. पावसाचं लिही, जेवणाचं लिही.

माझ्या खोलीत दुसरी एक मुलगी होती, बाळापूरकडच्या शेतकरी घरातली. उंचीने माझ्या खांद्याला येई, पण हात लोखंडासारखे. तिने एकदा सरळ विचारलं, "ताई, तुमी वर काहून नाई येत?"

"मी आले की तुम्ही गप्प होता."

ती विचारात पडली. "तुमी येता म्हून आमी गप होतो, अन् आमी गप होतो म्हून तुमी येत नाई. मंग सुरुवात कोनं करावं?"

ती गच्चीवर गेली आणि मी खिडकीशी बसले.

आम्हाला मैदानी खेळ शिकवणारे सर पन्नाशीचे होते. तरुणपणी ते मल्लखांबाच्या एका पथकाबरोबर युरोपात जाऊन आले होते, आणि तिकडच्या कुणा व्यायामशिक्षकाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या मित्राने त्यांना दोन वस्तू पाठवल्या: एक चामडी चेंडू आणि एक पुस्तिका. आदल्या वर्षी तिकडे बायकांची हँडबॉलची जागतिक स्पर्धा झाली होती, तिची ती पुस्तिका. हँडबॉल हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. सरांनी चेंडू वर्गात फिरवला. "फुटबॉलसारखाच गोल, पण हाताने टाकायचा. सात जणी इकडच्या, सात तिकडच्या. चेंडू घेऊन तीन पावलांच्या वर चालायचं नाही." एका चेंडूवर भागणार नव्हतं म्हणून राजापेठेतल्या एका चांभाराला तो दाखवला. त्याने दोन दिवस ठेवून घेतला, टाके मोजले आणि तसेच दोन शिवून दिले. दिसायला हुबेहूब, पण वजनाला जड. ते अंगावर आले की कळत असे.

माझं अक्षर बरं होतं. म्हणून सरांनी पुस्तिकेतले सगळे संघ मोठ्या कागदांवर देवनागरीत उतरवायचं काम मला दिलं. आठ-नऊ देश, प्रत्येक देशाच्या चौदा-पंधरा जणी. नंबर, नाव, जन्मसाल, कामधंदा. पुस्तिका जर्मन भाषेत होती. सर कुठूनसा एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले आणि शेजारी बसून एकेक शब्द हुडकत. ही टायपिस्ट. ही नर्स. ही सूतगिरणीत. ही विद्यार्थिनी. ही बालवाडीत शिकवते. मी रेघा आखून लिहीत जाई. सर गेल्यावरही मी तिथेच बसे, कारण खोलीवर जाऊन करायचं काय? लिहिता लिहिता नावं तोंडात बसत गेली. लहानपणी बाबांनी मला गोत्रं आणि प्रवर म्हणायला शिकवले होते, अर्थ न सांगता. तशीच ही नावं मी पाठ केली. रुमानियाचा अख्खा संघ मी भाकरी थापता थापता म्हणू शकत असे. बाळापूरवाली म्हणे, "ताई, कोन्या देवाचं म्हनून राहिल्या?"

डेन्मार्कच्या यादीत अगदी शेवटी एक गोलकीपर होती. तिच्यापुढच्या शब्दापाशी सर थांबले. शब्दकोशात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"गृहिणी," ते म्हणाले.

"गृहिणी म्हणजे?"

"म्हणजे घरी असते ती. दुसरं काही काम नाही."

"आणि खेळते?"

"देशाकडून खेळते."

जन्मसाल पाहून मी वय काढलं, एकतीस. संघाचा फोटो होता, त्यात ती कडेला उभी होती, इतरांपेक्षा गडद रंगाचा लांब बाह्यांचा सदरा घालून. गोलकीपरचा पोशाख वेगळा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, हिचं काहीतरी निराळं आहे. पुष्कळ वेळ मी तो फोटो पाहत बसले.

दिवाळीनंतर सरांनी आमचे दोन संघ केले. बांबूचे गोल उभे केले, सुतळीची जाळी विणून लावली, फक्कीने मैदान आखलं. सगळ्यांना चेंडू फेकायचा होता. गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. सरांनी माझ्या उंचीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही गोलात."

हँडबॉलच्या गोलापुढे अर्धचंद्रासारखी रेघ असते. तिच्या आत गोलकीपरशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, ना आपल्या संघातल्यांनी, ना पलीकडच्यांनी. सरांनी हा नियम सांगितला तेव्हा मुली रेघेच्या बाहेर उभ्या होत्या आणि मी आत, एकटी. मला ते फारसं नवं वाटलं नाही. फरक एवढाच की इथे बाहेरच्या सगळ्या जणी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

पहिले आठ दिवस मी चेंडूला भ्याले. डोळे आपोआप मिटत. माझी खोलीसोबतीण पलीकडच्या संघात होती. लहानपणापासून शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीने ज्वारीतली पाखरं हाकललेली ती. तिचा चेंडू दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा. एकदा तिचा फटका माझ्या छातीवर बसला आणि मी जाळीत जाऊन पडले. ती रेघबीघ विसरून धावत आत आली. "ताई! लागलं का वो?" मी उठले. चेंडू माझ्या दोन्ही हातांत होता. सोडला नव्हता. ते पाहून तिने माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला, मैत्रिणीला घालावा तसा. सरांनी शिट्टी मारून तिला बाहेर काढलं. पण तो धपका मला रात्रीपर्यंत जाणवत होता. चेंडूचा मार त्यापुढे काहीच नव्हता. सासरहून परत आल्यापासून मला असं बेधडक कुणी शिवलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी डोळे उघडे ठेवू लागले. चेंडू हातातून सुटायच्या आधी खांदा कुठे वळतो ते कळायला लागलं. गोलकीपरला पायानेही अडवता येतं, ते मी शिकले. सलवार-कमीज शिवून घेतली, पांढरीच.

जानेवारीत सरांनी सांगितलं की अकोल्याला एका शाळेच्या मैदानावर आपला प्रेक्षणीय सामना आहे. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मी वर्ग संपल्यावर सरांकडे गेले.

"सर, अकोल्यात मला खेळता यायचं नाही."

"का?"

"वडील भिक्षुक आहेत. त्यांचे यजमान सगळे तिथलेच. सलवार घालून, मैदानात, चार लोकांपुढे... त्यांची घरं तुटतील."

दुसऱ्या दिवशी सरांनी युक्ती काढली. सामना 'डेन्मार्क विरुद्ध रुमानिया' असा खेळवायचा. लोकांना त्या स्पर्धेची कल्पना येईल. माझे कागद मैदानाच्या कडेला लावायचे, आणि लाउडस्पीकरवर प्रत्येक मुलीला त्या संघातल्या एकेका खेळाडूच्या नावाने पुकारायचं. "तुमचं नाव कुठेच येणार नाही. कोण ओळखणार आहे?" मुलींना ही कल्पना भलतीच आवडली, कोण कोणती होणार यावरून भांडणं झाली. मला विचारायची गरज पडली नाही. मी डेन्मार्कची शेवटच्या नंबरची गृहिणी झाले.

बाबांना मी कार्ड टाकलं की कॉलेजबरोबर अकोल्याला येते आहे, संध्याकाळी तासभर घरी येऊन जाईन. खेळण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

सामन्याच्या जाहिराती आधीच वाटल्या गेल्या होत्या. वर मोठ्या टायपात डेन्मार्क आणि रुमानिया, खाली बारीक अक्षरांत 'अमरावतीच्या विद्यार्थिनी सादर करतील'. ती बारीक ओळ छापताना पार पसरली होती. त्यामुळे अकोल्यात बोभाटा झाला की परदेशी मडमा येणार. कापूस विकायला आलेली माणसं गाड्या सोडून आली. भिंतीवर पोरं, झाडावर पोरं. आम्ही बसमधून उतरून रांगेने मैदानात गेलो तेव्हा क्षणभर सगळीकडे शांत झालं.

मग कुणीतरी ओरडलं, "अबे, ह्या त आपल्याच पोरी हायेत!"

"मेमा कुठी गेल्या बे?"

हशा उसळला. शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्यातल्या दोघी रडकुंडीला आल्या. सर पुढे चालत होते, त्यांची मान लाल झाली होती. पण ते थांबले नाहीत.

आम्ही दोन ओळींत उभ्या राहिलो. प्रमुख पाहुण्यांना प्रत्येक खेळाडूची ओळख करून द्यायची पद्धत. खुर्चीवरून पाहुणे उठले. ते वकीलसाहेब होते. काळा कोट, हातात काठी. सर त्यांना एकेकीसमोर नेत होते आणि ती अवघड नावं सांगत होते. वकीलसाहेब प्रत्येकीला नमस्कार करून पुढे सरकत. मी ओळीत शेवटची.

सरांनी माझं डेन्मार्कचं नाव सांगितलं. वकीलसाहेब थांबले. त्यांच्या ओसरीवर मी लहानपणापासून बाबांच्या मागे पूजेची पिशवी घेऊन गेलेली. त्यांच्या घरचा प्रसाद खाऊन मोठी झालेली. सलवार घातली म्हणून ते मला ओळखणार नाहीत, असं मला आणि सरांना वाटलंच कसं? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. मग इतरांना केला तसाच नमस्कार केला आणि जाऊन खुर्चीवर बसले.

पहिला चेंडू आला तो मी पाहिलाच नाही. गोल झाला. दुसराही झाला. लोक ओरडत होते, लाउडस्पीकरवाला रुमानियाची नावं तोडून-मोडून म्हणत होता, आणि मला फक्त ती खुर्ची दिसत होती. सर रेषेच्या बाहेरून म्हणाले, "ताई, चेंडूकडे पाहा." एवढंच. रागावून नाही. मी चेंडूकडे पाहिलं. त्यानंतर मग मी खुर्ची पाहिलीच नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं; आता लपवायला काही नाही, या विचाराने अंग हलकं झालं. चेंडू येत होते आणि हात-पाय आपोआप तिकडे जात होते. मध्यंतरात संत्री वाटली, ती मी गोलापाशीच उभी राहून खाल्ली.

शेवटाकडे आमच्या एका मुलीने धक्का दिला म्हणून त्यांना पेनल्टी मिळाली. फेकणारी माझीच खोलीसोबतीण. सात मीटरवर ती, गोलात मी, मध्ये कुणी नाही. तिने हात मागे नेला. गोफण फिरवायच्या आधी खांदा पडतो तसा तिचा उजवा खांदा किंचित पडला, आणि मी डावा पाय उचलला. चेंडू नडगीवर बसून बाहेर उडाला. मैदान एकदम गरजलं. मघाशी मडमा मागणारे तेच लोक. "वा रे पठ्ठी!" असं कुणी म्हणालं. खोलीसोबतीण कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत हसली. सामना आम्ही एका गोलाने हरलो. मला त्याचं काही वाटलं नाही. मला आनंद झाला होता, आणि तो सांगायला त्या गावात एकच माणूस होता.

बस सुटायला तास होता. मी कपडेही न बदलता, शाल गुंडाळून घराकडे निघाले. दाराला कुलूप. शेजारणीने खिडकीतून पाहिलं. माझ्या पोशाखावर नजर टाकून म्हणाली, "गुरुजी दुपारपासून बाहेर आहेत. वकीलसाहेबांकडचा माणूस मघाशी बोलवायला आला होता, तोही परत गेला." आत ये असं ती म्हणाली नाही. मी पायरीवर बसले. नडगी सुजत चालली होती. समोरून ओळखीची माणसं जात होती आणि दुसरीकडे पाहत होती. पाऊण तास बसले. मग उठून बसकडे गेले. बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. खोलीसोबतिणीने माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती, पण ती स्वतः बडनेरा यायच्या आत माझ्या खांद्यावर झोपून गेली.

होळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांनी स्वतः भात केला होता. ताटं वाढून आम्ही बसलो. मी म्हटलं, "त्या दिवशी मी आले होते. कुलूप होतं."

"माहीत आहे."

"कुठे होता तुम्ही?"

"मैदानात. मागे, भिंतीपाशी."

माझा घास हातातच राहिला. "मग भेटला का नाहीत?"

"भेटणार होतो. पण लाउडस्पीकरवर तुझं नाव भलतंच सांगत होते. मला वाटलं, तू लपून आली आहेस. मग मी हाक मारायची तर कोणत्या नावाने?" त्यांनी आमटी ओढून घेतली. "सामना संपल्यावर सरळ वकीलसाहेबांकडेच गेलो. त्यांचं बोलावणं यायच्या आधी आपण गेलेलं बरं. वाटेत त्यांच्या माणसाशी चुकामूक झाली."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, गुरुजी, गोलात उभी होती ती कोण? मी म्हटलं, आमची. ते म्हणाले, कोर्स म्हणजे शाळेतल्या मुलींची कवायत घेण्यापुरता. हे असं बाजारात नाचायला नाही. मी म्हटलं, नाचत नव्हती, अडवत होती." बाबांनी भात कालवला. "हे मी म्हणायला नको होतं. पण तोंडून गेलं."

वकीलसाहेबांनी त्या महिन्याच्या श्राद्धाला दुसरे गुरुजी बोलावले. त्यांचं पाहून आणखी पाच-सहा घरांनी, मग हळूहळू इतरही काहींनी. शाळेतल्या नोकरीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी कोर्स पुरा केला, तीन-चार ठिकाणी अर्ज टाकले, आणि उन्हाळ्यात मला तेल्हाऱ्याच्या एका शाळेतून पत्र आलं. सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "ती नावांची युक्ती माझी होती. चुकलंच माझं." मी म्हटलं, "सर, तुम्ही युक्ती काढली नसती तर मी खेळलेच नसते." ते खरं होतं, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही.

तेल्हाऱ्याला मैदान होतं, चेंडू नव्हता. हेडमास्तरांनी हँडबॉलची कल्पना ऐकून घेतली आणि मला शिवणाचे तास दिले. मुलींना मी लंगडी, खो-खो शिकवत असे, अधूनमधून. खोलीसोबतिणीचं लग्न त्याच वर्षी झालं. दोन पत्रं आली, मग यायची थांबली. मी शाळेजवळ एक खोली घेतली होती. संध्याकाळी कंदील पुसून होईपर्यंत अंधार पडे, मग जेवण, मग झोप. सुरुवातीला पुष्कळ दिवस मी दिवसभरात शाळेबाहेर कुणाशी बोललेच नाही असं रात्री लक्षात यायचं.

बाबांना मी म्हटलं, "इकडे या. दोघांचं होईल." ते म्हणाले, "अजून माझी आठ-दहा घरं आहेत. ती टाकून कसा येऊ?" खरं म्हणजे घरं पाचच उरली होती, ते मला शेजारणीकडून कळलं. मी तसं दाखवलं नाही. मग दर शनिवारी शाळा सुटली की मीच एसटीने अकोल्याला जात असे, दोन दिवसांचं करून ठेवत असे, आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. अशी सात वर्षं, ते होते तोवर.

दर रविवारी बाबा स्टँडवर येत. गाडी उभी राही, सुटायची वेळ होऊन जाई, ड्रायव्हर चहा पीत असे. बाबांचे पाय तेव्हा दुखायला लागले होते. त्यांनी लवकर घरी जावं म्हणून मी मुद्दाम पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसे, म्हणजे मी त्यांना दिसणार नाही आणि उभं राहण्यात काही अर्थ उरणार नाही. तरी गाडी हलली की मान वळवून पाहावं तर ते त्याच जागी, उपरणं खांद्यावर सारखं करत, रिकाम्या खिडकीकडे पाहत उभे असत.